चाक खालच्या खिडकीत, हात वरच्या खिडकीत

पावसकर सरांचं नाव आधी लिहिते, म्हणजे पुढे लिहिताना कुठे हात चुकला तरी ते राहून जाणार नाही. सर माझे शाळेतले शिक्षक नव्हेत. माझी शाळा तिकडे हिंगोलीकडे होती आणि ती आठवीतच सुटली. सर रत्नागिरीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मग तिथल्याच आमच्या छापखान्यात प्रुफं वाचायला येऊ लागले. मी तेव्हा त्या छापखान्यात झाडू मारत होते. आज तिथेच संगणकावर बसते. लग्नपत्रिका, स्मरणिका, घराण्यांच्या वंशावळी लावते, म्हणजे टंकून पानांत बसवते. या दोन वाक्यांच्या मधलं सगळं सरांनी केलं. आणि मी त्यांचं काय केलं, ते सांगायला ही पानं.

माझा नवरा पालीजवळच्या चिऱ्याच्या खाणीवर डंपर चालवायला आला, त्याच्या मागोमाग मी आले. आमच्याकडे जमीन सपाट, माणूस कोसावरून येताना दिसतो. इथे माणूस वळणावरून एकदम समोरच येऊन उभा राहतो, आणि बोलतो असं हेल काढून की रागावला आहे की जेवायला बोलावतो आहे ते मला वर्षभर कळलं नाही. बाजारात मी तोंड उघडलं की बाया म्हणायच्या, "घाटावरची गो ती." म्हणून मी तोंड कमी उघडायचे. स्वभाव पहिल्यापासूनच भित्रा. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी मी.

छापखान्यात केर काढताना टाकून दिलेली प्रुफं हाताला यायची, ती मी वाचत बसायचे. एकदा सरांनी पाहिलं.

"काय वाचतेस गो?"

"काही नाही सर, कचराच हाय."

"कचऱ्यात काही सापडलं की नाही?"

मी भीत भीत दाखवलं. लग्नाच्या पत्रिकेत एकाच मामाचं नाव दोनदा आलं होतं. सरांनी चष्मा वर केला आणि पत्रिका लावणाऱ्याला हाक मारली. "अरे, दुसरा मामा तू खाल्लास! तो आता लग्नाला येतोय कशाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून केर लवकर काढ. दहा वाजता माझ्यासमोर बसायचं."

तेव्हापासून मी बसले. बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते, प्रूफ डोळ्यांनी वाचायचं असतं तितकंच तोंडानेही वाचायचं असतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, नुसते शब्द नव्हेत, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पुरा, सगळं. दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून बघायचं आणि ओळ बरोबर असली की म्हणायचं, "पुढे." सरांनी "पुढे" म्हटल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. पहिल्या महिन्यात माझं वाचन ऐकून मशीनवरची माणसं हसायची, कारण मी हिंगोलीच्या सुरात पूर्णविराम म्हणायचे. सर म्हणायचे, "हसू देत. पूर्णविराम सगळीकडे सारखाच असतो." जोडाक्षरं त्यांनी शिकवली, कळफलक त्यांनी शिकवला. आणि एक नियम दिला: हात लावलास की पान पुन्हा वाचायचं. एक अक्षर बदललंस तरी पूर्ण पान.

तो नियम मी मोडला नाही. हेच तर दुःख आहे. नियम पाळूनच चूक झाली.

आमच्याकडे गिऱ्हाइकं एकेक येतात. एक गृहस्थ स्वतःच्या श्रद्धांजलीचा मजकूर जिवंतपणी घेऊन आले होते, म्हणे मुलांवर विश्वास नाही. मासळीचा एक व्यापारी पत्रिकेवर होडी हवी म्हणाला, आणि होडी काढून दिली तर तिच्या पुढच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "ही आमची नाय. आमच्या होडीचा नाळ याच्यापेक्षा उंच." पण माझ्या मनात घर करून बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे पारूआत्या.

पालीच्या आतल्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घराण्याने वंशावळ छापायचं ठरवलं. घराण्याचं नाव लिहीत नाही. पुरुषमंडळी बहुतेक मुंबईत, त्यांचं मंडळही मुंबईत, मंडळाचे सेक्रेटरी फोनवर. पण माहिती जमवली होती ती या पारूआत्याने. चौथी शिकलेली, सत्तरीची बाई. सात-आठ वर्षं एसटीने गावोगाव फिरून, घराण्यातून फुटून कुठे कुठे गेलेली घरं शोधून, तिने शाळेच्या वह्यांत नावं लिहून आणली होती. अक्षर जोंधळ्याएवढं. हर्ण्याला गेलेली एक शाखा तर कोणाला माहीतच नव्हती; ही तिथल्या मासळीच्या लिलावात उभी राहून आडनाव विचारत फिरली आणि त्यांना शोधून आली.

वह्या घेऊन ती दर आठवड्याला छापखान्यात यायची. पायरीवर चपला काढायची. आम्ही नको म्हटलं तरी काढायची.

ती लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आली होती. कारण मी विचारलं नाही. भावाची बायको वारली तेव्हा तीन मुलगे लहान होते, ते हिने मोठे केले. तिघे मुंबईला लागले.

जुन्या वंशावळींत मुली नावाने नसतात. मुलगे लिहायचे, आणि शेवटी 'कन्या दोन' असं लिहून मोकळं व्हायचं. या वेळी मुलींची नावं घालायची असं मंडळाने ठरवलं होतं. सेक्रेटरी फोनवर मला म्हणाले, "पारूआत्याचं नाव प्रस्तावनेत आभारात मोठ्या टायपात घाला." मी ते आत्याला मोठ्या आनंदाने सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

"आबारात परकी मान्सा आसतात, बाय. मला घरात घाल."

"घरात म्हंजे?"

"बापाच्या खाली. भावाच्या बाजूला. सासरच्यांच्या वहीत मी नाय, ती लोका मला कशाला लिवतील? ह्या वहीत ऱ्हायली तर ऱ्हायली. नायतर मी कंदी होती तरी का?"

मग आभारातून तिने स्वतःच नाव काढायला लावलं. सेक्रेटरींना तिने माझ्याच फोनवरून सांगितलं, "दोन ठिकानी नको. एकाच जाग्यावर बरा." प्रस्तावनेत राहिलं ते एवढंच, की माहिती देणाऱ्या सर्वांचे आभार.

आणि वडलांच्या नोंदीखाली तीन ओळी तिने सांगितल्या, मी टंकल्या. मला अजून पाठ आहेत.

पार्वती (पारू). माहेरीच राहिल्या.
भावाची तीन मुले वाढवली.
या वंशावळीची माहिती गावोगाव फिरून जमवली.

वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "वाडवली नको गो. वाडवतात ती म्हशीची रेडका. मोटी केली, असा घाल."

सर समोरून हसले. "आत्या, तुम्ही माझ्या जागी बसा. मी घरी जातो."

"तुमच्या जाग्यावर बसून काय करू? तुमच्या खुर्चीचा पाय मोडलाय."

खरंच मोडला होता. त्याखाली विटेचा तुकडा होता.

आता उंदराची गोष्ट. म्हणजे माऊसची.

आम्ही मजकूर आधी एका साध्या प्रोग्रॅममध्ये लिहितो. त्यात सजावट काही नाही, नुसती अक्षरं. पुस्तक मोठं असलं की मी पडद्याचे दोन भाग करते, वर एक खिडकी, खाली एक खिडकी. गंमत अशी की दोन्ही खिडक्यांत तीच एक फाईल असते. वर पालीच्या बाजूची मूळ शाखा दिसते आहे, खाली तीनशे पानांनंतरची हर्ण्याची. पिढ्यांचे आकडे जुळवायला हे फार सोयीचं. लिहिण्याची खूण, ती लुकलुकणारी उभी रेघ, मात्र एका वेळी एकाच खिडकीत असते. तुम्ही शेवटचं जिथे क्लिक केलं तिथे. टंकाल ते तिथे उमटणार, खोडाल ते तिथलं जाणार.

आमच्या जुन्या संगणकावर माऊसचं चाक फिरवलं की जिथे रेघ, तीच खिडकी सरकायची. त्यामुळे माझ्या हाताला एक सवय लागली होती, बारा महिने तेरा काळ न बदलणारी: जी खिडकी हलते आहे, तिच्यात मी आहे. तो संगणक बंद पडला आणि वंशावळीचं काम संपत आलं असताना नवा आला. नव्यात चाक वेगळंच वागतं. बाण ज्या खिडकीवर असेल ती सरकते, रेघ कुठेही असो. म्हणजे तुम्ही बसलेले असता वरच्या माळ्यावर आणि वाकून बघत असता खालच्या पडवीत. डोळ्यांना पडवी दिसते, पण हात उचलतात ते माळ्यावरचं सामान.

मला हे कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? दोन-तीनदा अक्षर भलतीकडे उमटलं, मी खोडलं, आणि नवा संगणक आहे, बसेल घडी, म्हणून सोडून दिलं. भित्र्या माणसाने शंका आली तिथे थांबायला हवं. पण माझी भीती अशी की शंका विचारली तर लोक म्हणतील, आठवी नापास बाईला संगणकावर बसवलं कशाला. म्हणून विचारलं नाही.

पुस्तक छपाईला जायच्या दिवशी सकाळी मी वरच्या खिडकीत पारूआत्याच्या ओळीवर क्लिक केलं, 'वाढवली'चं 'मोठी केली' केलं. पूर्ण पान सरांना मोठ्याने वाचलं. सर प्रत्येक ओळीला "पुढे" म्हणाले आणि पानावर सही केली. रेघ तिथेच लुकलुकत राहिली, पहिल्या ओळीच्या सुरुवातीला. तिची नोंद चांगली झाली म्हणून मी पहिल्या ओळीवर क्लिक करून ती पुन्हा एकदा बघत होते ना, त्यामुळे.

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन. हर्ण्याच्या शाखेत एक नाव दोनदा आलं होतं, ते काढायचं. मी बाण खालच्या खिडकीवर नेला, चाक फिरवलं, हर्णे आलं, जादा ओळ दिसली. आमच्याकडे अख्खी ओळ उडवायची कळ असते. ती दाबली. ओळ हलेना. पुन्हा दाबली. हलेना. तिसऱ्यांदा दाबली. नवा कळफलक घट्ट आहे, असं म्हणून मी त्या ओळीवर क्लिक केलं आणि परत दाबली. गेली. ते पान काढलं, सरांना मोठ्याने वाचलं. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. सर म्हणाले, "पुढे, पुढे, पुढे." सही केली.

वरच्या खिडकीत तीन ओळी गेल्या होत्या. तिकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कळलं असतं का, कोण जाणे. पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे तेव्हा ओळ काढली की खाच पडायची, हाताला लागायची, असं सर सांगायचे. पडद्यावर खालचा मजकूर वर सरकतो आणि जागा भरून टाकतो. पाण्यातून बोट काढल्यासारखं.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले होते, तेव्हा देवळापुढच्या मांडवात प्रकाशन झालं. सरांना आणि मला आमंत्रण होतं. सेक्रेटरींचं भाषण झालं, नारळ झाले, पुस्तकं वाटली. पारूआत्या नवं लुगडं नेसून बायकांच्या बाजूला बसली होती. माझ्याकडे आली, पुस्तक पुढे केलं.

"चष्मा घरी ऱ्हायला, बाय. तू दाव."

मी पान उघडलं. वडलांचं नाव होतं. त्याखाली भावाचं. मधे काही नव्हतं.

मी पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची काळजी वाटली नाही. माझी वाटली. मांडवात सगळं घराणं, सेक्रेटरी, आमचे मालक. मी बोट वडलांच्या नावाखाली ठेवलं, जिथे तिची जागा होती, आणि वाचलं.

"पार्वती, कंस सुरू, पारू, कंस पुरा, पूर्णविराम. माहेरीच राहिल्या, पूर्णविराम. भावाची तीन मुले मोठी केली, पूर्णविराम. या वंशावळीची माहिती गावोगाव फिरून जमवली, पूर्णविराम."

तिने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे आपलं बोट ठेवलं. भावाच्या नावावर. हळूच फिरवलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "बघितलास? 'मोटी केली' घातलान बायने. बरोबर घातलान."

घरी येताना एसटीत सर म्हणाले, "बोलत का नाहीस गो?" मी म्हटलं, घाट लागतोय. सर हसले, "घाटावरचीला घाट लागतो?" मला सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आत्या छापखान्याच्या पायरीवर. चष्मा डोळ्यांवर, पुस्तक पदरात. चपला काढल्या, आत आली, पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं.

"काल वाचलास ता कुटं गेला?"

आवाज चढा नव्हता. भांडी घासताना वाटी हरवली तर विचारतात तसा. मी रडायला लागले. सर उठून आले, पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "सर, हर्ण्याची ओळ काढताना... ती हलत नव्हती..." त्यांना सगळं कळलं असेल असं नाही, पण कोणाचा हात होता ते कळलं. मालक काचेच्या केबिनमधून बाहेर येत होते.

मालक वाईट माणूस नव्हे. पण नवरा तेव्हा खाण बदलून कर्नाटकच्या बाजूला गेला होता, आणि मी राहात होते ती खोली छापखान्याच्या मागची. काम गेलं की खोली गेली, हे सरांना माहीत होतं.

मालकांनी विचारलं, "काय झालं?"

सर म्हणाले, "माझ्या हातून सुटलं. ओळी गळल्या आणि मी सही केली. हिने मजकूर बरोबर टंकला होता, म्हणून तर हिला पाठ आहे."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोपटल्यासारखा, पण दाबून.

आत्या सरांकडे बघत राहिली. मालक म्हणाले, शुद्धिपत्र छापू, चिठ्ठी करून सगळ्यांना पाठवू, पुस्तकात चिकटवतील. आत्या म्हणाली, "चिट्टी? म्हंजे परत पाव्हनीच." एवढं बोलून ती बाकावर बसली. सरांनी आपलं शाईचं पेन काढलं, तिच्या पुस्तकात वडलांच्या आणि भावाच्या मधल्या अरुंद जागेत, छापल्यासारख्या बारीक अक्षरात, त्या तीन ओळी लिहिल्या. तिने त्या फुंकून वाळवल्या. मग विचारलं, "आनि बाकीच्यांच्यात?"

"बाकीच्यांच्यात पण लिहितो," सर म्हणाले.

छापखान्यात शंभरेक प्रती शिल्लक होत्या. सर रोज दुपारी त्या मोडक्या पायाच्या खुर्चीत बसून प्रत्येक प्रतीत तीन ओळी लिहायचे. मी समोर बसून मोठ्याने वाचायचे, विरामचिन्हांसकट, आणि ते लिहून झालं की म्हणायचे, "पुढे." मला म्हणाले होते, "तू कोणाला काही बोलायचं नाहीस. माझं काम गेलं तर मी सकाळी समुद्रावर फिरायला जाईन. तुझं गेलं तर तू कुठे जाशील?" डोळ्यांना त्यांच्या काचबिंदू होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

मुंबईला गेलेल्या प्रतींना चिठ्ठ्या गेल्या. चिकटवल्या का, कोणी विचारलं नाही. मंडळाने मालकांना पत्र पाठवलं, त्यात 'प्रूफ वाचणाऱ्याच्या अक्षम्य हलगर्जीमुळे' असे शब्द होते. ते पत्र टेबलावर पडलं होतं, मी वाचलं. पुढच्या दोन स्मरणिकांच्या लोकांनी सांगितलं, पावसकर सर नकोत. मालकांनाही मग ते परवडेना. सरांनी एक दिवस पेन, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली आणि खुर्चीखालची वीट माझ्याकडे दिली. "कागदावर ठेवायला होईल," म्हणाले. दोन वर्षांनी ते कोल्हापूरला मुलीकडे गेले.

पारूआत्या सर कोल्हापूरला गेल्यानंतरच्या श्रावणात वारली. तिचा मधला पुतण्या श्रद्धांजलीचं कार्ड करायला आमच्याकडेच आला. मजकुरासाठी म्हणून तिचंच पुस्तक घेऊन आला होता. ते पान न शोधता उघडत होतं. सरांच्या शाईच्या तीन ओळी बोट फिरवून फिरवून निळसर डाग झाल्या होत्या, अक्षर जेमतेम लागत होतं. पुतण्या म्हणाला, "ताई, इथे काय लिहिलंय ओ? आत्याबद्दल आहे ना? आमच्या मुंबईच्या पुस्तकात नाही हे."

"चिठ्ठी आली होती ना?"

"आली असेल. मिसेसने कुठे ठेवली कोण जाणे."

मी त्याला वाचून दाखवलं. विरामचिन्हं घेतली नाहीत. या वेळी पानावर काहीतरी होतं, तरी मी पाठच म्हणत होते. 'भावाची तीन मुले मोठी केली' इथे तो म्हणाला, "बस," आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले. सांगायचं ठरवून गेले होते की त्या ओळी माझ्या हाताने गेल्या. तो पाठमोरा डोळे पुसत होता. परत आत आले.

आता मी नीट काम करते असं लोक म्हणतात. मालक नव्या माणसांना माझ्याकडे शिकायला बसवतात. मी सगळ्यात आधी माऊसच शिकवते. सांगते, चाकावर विश्वास ठेवू नका. जे हलतं आहे तिथे तुम्ही असालच असं नाही. काही खोडायच्या आधी मी एक टिंब टाकते. टिंब कुठे उमटलं ते दोन्ही खिडक्यांत बघते. मग ते टिंब काढते, आणि मग खोडते. वेळ जातो. जाऊ दे. कुलूप तीनदा ओढणाऱ्या बाईला एवढा वेळ जड नाही.

या पावसाळ्यात त्या घराण्याचे सेक्रेटरी आले होते. मुलं झाली, सुना आल्या, दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि पहिल्या आवृत्तीतल्या त्या तीन ओळी कशा गेल्या ते माझ्या खुर्चीवर बसवून, दोन खिडक्या उघडून, चाक फिरवून दाखवलं. मालकही मागे उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, "मग त्या मास्तरांनी का..." आणि वाक्य अर्धंच ठेवलं. मालक म्हणाले, "आता हे पुस्तक तूच लाव." म्हणजे काम राहिलं. सरांनी मला जेवढं वाचवलं, त्यातलं शेवटचं हे.

सर, तुम्ही बोलू नको म्हणाला होतात, मी बोलले. तुम्हाला आता दिसत नाही असं तुमच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. ऐकून रागवाल, तर रागवा. पण दुसऱ्या आवृत्तीचं शेवटचं प्रूफ निघालं की मी ते घेऊन सकाळच्या एसटीने कोल्हापूरला येणार आहे. पुस्तकावर प्रूफवाचक म्हणून तुमचं नाव असेल, ते सेक्रेटरींनी कबूल केलं आहे. तुम्ही डोळे मिटून बसा. मी पहिल्या पानापासून वाचीन, कंस सुरू, कंस पुरा, सगळं. पारूआत्याच्या तीन ओळी आल्या की त्या वाचीन आणि थांबेन. तुम्ही "पुढे" म्हणाल, तेव्हाच पुढची ओळ वाचीन.